तीन गावांचं अंतर

"हायवेला कधी जायचं, काका?"
दर रविवारी मी विचारायचे,
आणि हसुराम कडू पुडीतले शेंगदाणे सोलत म्हणायचे,
"आधी गाडी बंद न पाडता
नेरूळचा भाजीबाजार पार कर. मंग बघू."

बंदरातले कंटेनर ओढून ओढून
त्यांचा डावा खांदा जरा वर राहिलाय.
मला बाय म्हणतात. मी एकेचाळीसची,
रक्तपेढीत कामाला.
सुई टोचताना हात हलत नाही माझा,
पण मागून हॉर्न आला की
क्लच कुठला नि ब्रेक कुठला, तेसुद्धा आठवत नाही.

अडीच महिने.
उलव्याच्या रिकाम्या सेक्टरांत गोल गोल,
मग पाम बीचवर, उजाडताना,
मग संध्याकाळच्या गर्दीत,
मग एकदा रात्री, मागच्याचे दिवे आरशात झेलत.
पावसात नाही.
"पाऊस आपला नाय अजून."

एक दिवस बोलता बोलता गिअर बदलला
आणि बदलला हे मला कळलंच नाही.
त्यांना कळलं.
"येत्या रविवारी. सहाला. काहीतरी खाऊन ये."

उरण फाटा. पुलाचा उतार.
उजवीकडून धडधडत येणारे सगळे.
"थांबू नको, थांबलीस की अडकलीस.
आरसा बघ. आरसा सगळं सांगत नाय, मान वळव.
त्यांच्या वेगाची हो, मंग शिर."
शिरले.
डोळे उघडे होते, एवढं सांगू शकते.

पुढे ट्रेलर.
"त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसतंय?
नाय ना? मंग तू पण त्याला दिसत नायस. मागं राहा."
मागं म्हणजे किती?
"त्यानं तो खांब ओलांडला की गावं मोज.
तरघर. कोंबडभुजे. वाघिवली.
तिन्ही झाल्यावर तू खांबाशी यायचं.
आधी आलीस तर पाय काढ."

तरघर, कोंबड... खांब गेला.
पाय काढला.
तरघर. कोंबडभुजे. वाघिव...
"पुरी म्हण," ते म्हणाले. "अर्धी नको सोडू."

उजवीकडे लांबवर
विमानतळाचे दिवे अजून विझले नव्हते.
ही गावं कुठे आहेत, मी विचारलं.
"समोर बघ," ते म्हणाले.

आणि खारघरचं वळण हुकलं.
माझा पाय ब्रेककडे निघालेला.
"नको! चुकलं तर चुकलं. पुढं कामोठं हाय.
हायवेवर मागं येत नसतात."
पुडीचं तोंड त्यांनी मुडपलं
आणि माझ्या पलीकडच्या काचेतून
बराच वेळ बघत राहिले,
जिकडे मी बघायचं नव्हतं.

कामोठ्यात टपरीवर चहा.
माझे गुडघे थरथरत होते, त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.
परतीच्या वाटेवरही नाही.
मीच मोजत होते, मोठ्याने,
तिन्ही, पुरी,
प्रत्येक खांबाला.