एक तास दहा मिनिटं

सोआचाच्या टेकडीवर, गिलावा न झालेल्या घरांपर्यंत
बस जात नाही. शेवटच्या दोनशे पायऱ्या
मी सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून चढते,
टॅबलेट पोटाशी धरून.

एलिएसेरकडे दार नाही, त्यानं पडदा सरकवला.
मी विचारलं, छापलंय तसंच,
एक शब्द इकडचा तिकडे न करता:
गेल्या आठवड्यात निदान एक तास
मोबदला घेऊन काम केलंत का?

त्यानं आधी बोटं पुसली, मग आठवू लागला.
ओतशाळा बंद पडल्याला चौदा महिने.
"मंगळवारी शेजारणीचा मिक्सर दुरुस्त केला.
कॉइल जळली होती. तास लागला.
वर दहा मिनिटं, स्क्रू हरवला म्हणून."
पैसे?
"सहा अंडी. एक फुटकं निघालं."

मी बोट टेकवलं. रोजगार: आहे.
पाच अंडी आणि एक फुटकं
हिरवी खूण होऊन
माझ्याआधी टेकडी उतरली.

खाली बोगोतात एका लांब टेबलाशी
सात जण बसतात.
त्यांना मी वाईट म्हणणार नाही.
पगार हातात पडेपर्यंत तांदूळ पुढे निघून जातो,
हे त्यांना माझ्या आईइतकंच ठाऊक आहे.
त्यांच्यापुढे आलेख: बेकारी उतरलीय,
जराशीच, दशांश चिन्हाच्या पलीकडे.
म्हणजे रिकामे हात कमी. म्हणजे मजुरी चढणार,
तिच्या पदराला धरून भाव.
दूध वर येतंय, आता आच वाढवायची नाही.

"बाजार तापलाय," रेडिओवर कुणीतरी म्हणालं.
तेव्हा मी रुआनाच्या लोकरीत हात खुपसून
बसची वाट पाहत होते.

व्याजदर जिथल्या तिथे.
म्हणून डोन्या ओटिलियानं
चार शिलाई मशिनांचं कर्ज पुढच्या वर्षावर टाकलं.
चौथ्या मशिनवर माझी बहीण बसणार होती.
पट्ट्यात अडकायला नकोत
म्हणून तिनं केसही कापून घेतले होते.

मी खोटं भरलं नाही.
एलिएसेर खोटं बोलला नाही.
मिक्सर अजून चालतो.

महिन्यानं फेरतपासणीला पुन्हा तेच घर.
या वेळी त्यानंच विचारलं,
"मागच्या खेपेला नाही म्हणालो असतो, तर?"
प्रश्न मी विचारायचे असतात, मी म्हणाले.
त्यानं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.
"आणि हे किती दिवस?"
तीस तारखेपर्यंत.

मग त्यानं आत बोलावलं.
तव्यावर एक अंडं फोडलं,
सिलिंडर संपत आलाय म्हणत ज्योत बारीक केली,
आणि आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो
पांढरं घट्ट व्हायची वाट पाहत.