भेक नको, बेडूक आणा

पाण्याच्या मीटरची लोखंडी पेटी उघडली
की तो आत बसलेला असतो
काचेला पाठ टेकून,
घरपट्टी भरायला येऊन
खिडकी चुकलेल्या माणसासारखा.
रीडिंग घ्यायला येणारा निकाळे त्याला म्हणतो,
'साहेब, जरा सरका.'
साहेब अर्धा इंच सरकतात.

मी त्याला ओळखतो.
किंवा त्याच्या बापाला.
भेकाभेकांतला फरक आपल्याला कळत नाही,
त्यांना आपल्यातला कळत असेल.

एकतीस वर्षं मी जीवशास्त्र विभागात
प्रयोगशाळा परिचर होतो.
रजिस्टरात माझं काम 'काचसामान धुणे'.
खरं काम बेडूक.
प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री
मखमलाबादच्या पुढे, डाव्या कालव्याच्या कडेला
सायकल आडवी टाकायची,
बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर धरायचा.
उजेडात बेडूक पळत नाही,
त्याला वाटतं सकाळ झाली.
मग गोणपाटात मोजून टाकायचे.
चाळीस मुलं, चाळीस बेडूक,
चार जास्तीचे, वाटेत मरतील त्या हिशेबाने.
ही ओळ लिहिली आणि दोनदा वाचली.
सगळेच मरणार होते.

एकदा त्यांच्यात एक भेक आला.
टोणगावकर मॅडमनी चिमट्याने
डोळ्यांमागच्या फुगीर गाठी दाखवल्या.
"गांगुर्डे, भेक नको, बेडूक आणा.
याची कातडी बघा, मुलांच्या हातांची आग होईल."
पंगतीतून उठवावं तसं उठवलं त्याला.

मेणाच्या तबकांत टाचण्या टोचून उताणे
ते हिरवे, नितळ, गोष्टीत शोभावेत असे देखणे चाळीस,
आणि हा एकटा ओबडधोबड
माझ्या जेवणाच्या डब्यात बसून
नासर्डीचा पूल ओलांडून सिडकोत चालला होता.
झाकणाला मी कर्कटकाने दोन भोकं पाडली होती.
तो डबा बायकोने पुन्हा वापरला नाही.

माझी आई पेठकडची. ती सांगायची,
भेक आधी काकडीसारखा गुळगुळीत होता.
एका चैत्रात गारा पडल्या, लिंबाएवढ्या.
मुंग्या, किडे, कुणाकुणाची पिलं
पोटाखाली घेऊन तो वाकून राहिला.
जेवढ्या गारा, तेवढ्या पुळ्या.
थोरला भाऊ पुढे जोडायचा,
'आणि गारा थांबल्यावर त्याच मुंग्या खाल्ल्या.'
आई त्याला चापट मारायची.
आता वाटतं, दोघंही खरं सांगत होते.

शेजारच्या भालेरावांची ऋजुता, वय सात,
पेटीपाशी उकिडवी बसते.
तिच्या गोष्टीत मुका घेतला की राजपुत्र होतो.
"आजोबा, घेऊ?"
"आधी त्याला विचार."
तिने विचारलं.
त्याचा गळा हलला, एकदा, दोनदा.
जिभेने काय केलं ते दिसलंच नाही,
फक्त मीटरवरचं झुरळ नव्हतं.
"ई," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने,
"राजपुत्र झाल्यावर त्याला झुरळ चालेल?"
"नाही चालणार."
"मग राहू दे."

आता कॉलेजात बेडूक कापत नाहीत.
तबकं माळ्यावर गेली, मेण तडकलं असेल.
कालव्याकडे मीही जात नाही.
गेलो तर काय ऐकू येईल,
किंवा येणार नाही, याची धास्ती वाटते.

रात्री दहाच्या सुमारास तो पेटीतून निघतो,
चौकातल्या दिव्याखाली पडलेल्या किड्यांकडे.
मध्ये रस्ता.
मी तीच जुनी बॅटरी घेऊन उभा राहतो,
झोत खाली, डांबरावर,
त्याच्या डोळ्यांवर नाही.
परवा एक रिक्षावाला थांबला,
"काका, काही हरवलं का?"
म्हटलं, नाही, जाऊ दे त्याला.
नेमका तेव्हाच तो मधोमध थांबला,
गळा हलवत बसला.
रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.