सोहार, रात्रपाळी

परकारचाचांचं सी, सत्त्याण्णव सालचं,
समुद्राचा खारटपणा मोजणारं. अकराशे ओळी.
चाचा आता हर्णैला असतात, फोन उचलत नाहीत.

मी ते नव्या घरात नेतेय.
घर कसलं, एकच खोली:
खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही, फाइली नाहीत, शेजार नाही.
लागेल तेवढंच गाठोड्यात बांधायचं
आणि थेट यंत्रावर उभं राहायचं.

लिंकर एकेक नाव घेऊन परत येतो.
प्रिंटएफ कुठंय? एफओपन कुठंय?
मी प्रत्येकाला एक खोटं दार करून देते,
ठोठावलं की आतून उत्तर येतं: शून्य.
लोकलटाइमला मात्र खरं सांगावं लागलं.
मस्कतची वेळ.

पहाटे तीनला सगळं जुळलं. चाललं.
चाळीस मिनिटांनी समुद्र गोड निघाला.

पंपावरचा सालेम बलूशी पडद्याकडे बघून म्हणाला,
चहा घे आधी.

चूक माझीच. आमच्या भाषेत
किंमत एकदा ठरली की बदलत नाही,
जागा बदलते.
कचरा उचलणारा येतो, मेलेलं टाकतो,
जिवंत असेल ते उचलून दुसरीकडे ठेवतो,
आणि चाचांचं सी
जुनाच पत्ता धरून बसलं होतं.

एक ओळ वाढवली:
ह्याला हलवलंस तर त्यालाही कळव.

खारट. पुन्हा खारट. सालेमने कप उचलले.

नऊशे बाराव्या ओळीवर, रोमन लिपीत, चाचांची टीप आहे:
'हिला हात लावू नको. का ते मलापन ठाव नाय.'

नाही लावला.
तशीच नेली.