पंधरा किलो

अकरा वाजता खोली सोडायची होती.
कुसुमने साडेदहालाच पलंगपोस सारखा केला,
जशी काही संध्याकाळी तिच्याच घरी माणसं येणार होती.
काउंटरवरच्या पोराने बॅगा जिन्याखाली सरकवल्या,
चिठ्ठीवर लिहिलं : नग दोन, वर्धा.
विमान रात्री पावणेनऊचं.
मधे एक अख्खा दिवस
सुट्या पैशासारखा हातात आलेला.

तसं तीन दिवसांत सगळं झालं होतं.
गेटवे झाला, म्हातारीचा बूट झाला,
त्यात वाकून शिरताना माझ्या गुडघ्याने काढलेला आवाज
सहलीला आलेल्या पोरांनीसुद्धा ऐकला.
मी म्हटलं, बाणगंगा?
कुसुम म्हणाली, राणीची बाग.
"पेंग्विन पाहाले?"
"नाही. हत्ती. दगडाचा."

एवढंच. टॅक्सीत पुढे काही बोलली नाही.
पुलाखाली सिग्नल लागला तेव्हा म्हणाली,
ह्यांनी पेपरात वाचलं होतं त्याच्याबद्दल,
वॉर्डात, एकवीस नंबरच्या खाटेवर.
बरा झालो की जाऊ म्हणाले, जवळच तर आहे.
चाळीस दिवस ती परळला होती तेव्हा.
डबा, रिपोर्ट, औषधाची रांग,
आणि गावी परतल्यावर बायका विचारत होत्या :
मुंबई पाहिली का गं?
परतीची तिकिटं दोन काढली होती.
एकाचे पैसे परत मिळाले,
एकशे दहा रुपये.
ते तिने अजून मोडले नाहीत
हे मला माहीत आहे, कारण पोस्टात
तिचं पासबुक मीच भरत होते.

हत्ती झाडाखाली उभा होता.
काळा. वाटला होता त्याहून साधा.
पाण्याचा पाइप ओढत आलेल्या माळ्याने
न विचारता सांगितलं :
घारापुरीचा आहे, साहेबाला विलायतेला न्यायचा होता,
उचलताना साखळी तुटली, याचे तुकडे झाले,
मग इथेच जोडून ठेवला.
कुसुम भोवती फिरली. एकदा, मग उलट्या बाजूने.
तिचा ब्लाउज शिवणारा अंगठा
हवेतच एका सांध्यावरून गेला.
"टाके दिसतात," म्हणाली,
"पण बसलाय नीट."
मी मोबाइल काढला तर म्हणाली, मला नको घेऊ,
नुसता त्याला घे.
मग बाकावर बसून आम्ही दोघींनी
चार खारी बिस्किटं खाल्ली, चहा नसताना,
आणि भुगा चिमण्यांसाठी सांडला.
चिमण्या नव्हत्या. कावळा आला.

दुपारी तिने सोडे घेतले,
सात कागदांत गुंडाळून घेतले, तरी वास आलाच.
हॉटेलशेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर
माझी बॅग चौदा किलो, तिची सतरा.
"काढा काहीतरी, मावशी," तो म्हणाला.
तिने भर एप्रिलात स्वेटर अंगावर चढवला,
चपला पिशवीत टाकून बूट घातले,
दोन जाड दिवाळी अंक काढून त्याच्यापुढे ठेवले.
"हे वाचून झाले. किती देशील?"
त्याने नऊ रुपये दिले.
तिने मोजून घेतले.
सोड्यांना हात लावू दिला नाही.

विमानतळावर घाम पुसत ती सगळ्यांना सांगत राहिली,
आत थंडी असते म्हणतात.

खिडकी तिला दिली.
विमान वळलं, आणि खाली दिवेच दिवे,
कुणीतरी परातीतून मोहरी उधळावी तसे.
"परळ कुठं असंन?"
मी बोट दाखवलं, कुठेतरी.
तिने मान डोलावली, काचेला कपाळ टेकवून
तिथेच पाहत राहिली,
विमान ढगात शिरल्यावरसुद्धा.

पाण्याचा पेला आला, गेला.
मला डुलकी लागत होती.
बराच वेळाने स्वेटरचं वरचं बटण काढत
ती म्हणाली,
"साखळी तुटली ना,
तेव्हा खाली कोणी उभं नसंन ना गं?"