आख्खी जीप

पालच्या गेटवर त्यानं विचारलं,
"एकटेच? मग आख्ख्या जीपचे भरा लागतील."
भरले.
मागच्या जीपमध्ये सहा जण चढले,
केळीचे वेफर्स, एक दुर्बीण,
झोपेतून उठवलेलं एक रडवं पोर.

अंजनाच्या झाडांपाशी
रुबाब तडवीनं गाडी बंद करायला लावली.
इंजिन निवताना टिकटिकत राहिलं,
मग तेही थांबलं.

"साहा जनं असले की वाघ सांगा लागते," तो म्हणाला,
"हे ताजं पाऊल, हा आत्ताच गेला.
एकट्याले खोटं सांगवत नाही."
चार वर्षं झाली होती त्याला
वाघ पाहून.

मग खोडावरचे ओरखडे दाखवले,
अस्वलाचे, जुने,
डिंक भरून काळे पडलेले.
आणि डावी बाही वर सारून
दंडावरचे.
"हेच असंल. किंवा याची माय."
हसला.
वाळक्या पानांत काहीतरी सरकलं, सरडा असावा,
आम्ही दोघांनी बराच वेळ तिकडे पाहिलं.

सुकीच्या वळणावर दुसरी जीप आडवी आली.
"काही दिसलं का?"

रुबाबनं बाही खाली ओढली, बटण लावलं.
"थोडे लवकर याचे होते," तो म्हणाला,
"आत्ताच होता, इथी."

पोर सीटवर उभं राहिलं.
मी काही बोललो नाही.