दोनदा धुवा

मुरहरी गुंडेटींना पत्रक हवं होतं.
टॉवेलच्या घडीत घालायला, तळहाताएवढं,
एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मी.
म्हणजे माझी वाक्यं. सहाशे रुपये, रोख.

मी लिहिलं : सोलापूरची शान.
लिहिलं : उत्कृष्ट दर्जा, माफक दर,
एकदा वापराल तर पुन्हा मागाल.
साखर पेठेतल्या छापखान्यात ही वाक्यं
खिळ्यांच्या काळापासून जुळवून ठेवलेली असावीत,
वर फक्त दुकानाचं नाव बदलायचं,
खाली लग्नसराईची सूट.

गुंडेटींनी चष्मा कपाळावर सारला.
"हे माझ्या वडलांच्या कॅलेंडरवर होतं.
समोरच्याच्या पिशवीवर पण आहे.
त्याचा माल रंग सोडतो. तोही शानच.
मग माझ्यात काय वेगळं, सांगा की."
मला सांगता येईना.
टॉवेल मी फोटोतच पाहिला होता.

म्हणून अक्कलकोट रोडला गेले, मे महिन्यात, भर दुपारी.
पत्र्याखाली बारा माग.
तिथला खडखडाट कानांतून दातांत उतरतो,
माणसं एकमेकांचे ओठ वाचतात.
बालामणी मेरगू कडा तपासत होती,
भुवयांवर सुताचा कापूस,
चुकार धागा नखानं ओढून काढत.
मी ओरडून विचारलं, यात चांगलं काय आहे?
ती हसली. असलं कोण विचारतं?
म्हणाली, "कोत्तदि नीळ्लु तागदु."
मग माझ्यासाठी, मराठीत,
"नवा असला की पाणी पीत नाही. नव्या सुनेसारखा लाजतो.
दोन धुणी होऊ दे, मग बघ कसा ढसाढसा पितो.
लोकं पहिल्याच दिवशी शिव्या देतात."

त्या रात्री लिहिलं :
हा टॉवेल पहिल्या दिवशी तुमचं अंग नीट पुसणार नाही.
दोनदा धुवा. कडक उन्हात वाळवा.
त्यानंतरच शिव्या द्या, सुचल्या तर.

"माझ्याच मालाची बदनामी
माझ्याच पैशानं छापू?"
दोन दिवस फोन नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी सातला,
"छापा. पण दोनदाचं एकदा करा."
मी म्हटलं, दोनदा.
ते म्हणाले, बरं, दीड.
व्यापाऱ्याची जीभ, तिला घासाघीस लागतेच.
दीडदा कसं धुतात, मी विचारलं,
तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसते माग वाजत राहिले,
आणि मग, "दोनदा. पण अक्षर बारीक."

पाच हजार पत्रकं आली, पिवळ्या कागदावर.
खप वाढला की नाही, मला माहीत नाही.
गुंडेटी असल्या गोष्टी सांगत नाहीत,
दुसरं काम दिलं, एवढंच. नॅपकिनचं.

त्यासाठी पुन्हा गेले, तर बालामणी
घडी, पत्रक, घडी, पत्रक,
बोटांना आता त्याचीही सवय झालेली.
तिच्या नातवानं वाचून दाखवलं होतं म्हणे.
तिनं एक पत्रक माझ्यासमोर धरलं,
"हे तर मीच बोलले."
हो, मी म्हटलं.
"किती मिळाले याचे तुला?"

माग जोरात चालू होते.
ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं असतं,
पण मी तिच्या ओठांकडेच बघत होते.

चारशे, मी म्हटलं.