दिवसा जळणारा बल्ब

तो सांगत होता, मी लिहीत होतो.
जेट्टीला शेवटची फेरीबोट लागत होती
आणि साहेब जेवायला गेले होते.

मुकादमांचा बंगला का नाही रे? मी विचारलं.
दोन मजले, कुवेतचा पैसा, गेटवर पितळी सिंह.
तो म्हणाला, तिकडे माझी सायकल कधी गेलीच नाही.

पाच वर्षं पाव टाकले दीप्याने,
बेकरीपासून पाखाडीच्या कडेकडेने खालच्या आळीपर्यंत,
भोंगा वाजवत. तेवढाच त्याचा मुलूख.
त्यापलीकडचं गाव त्याला ठाऊक
मला कुवेत ठाऊक आहे तितकंच.

कुणाचा गडगा कुठे ढासळलाय,
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
गणपतीत बारा पाव घेणारं घर
कधी दोनावर येतं
आणि कधी म्हणतं, उद्यापासून नको रे बाबा.
"चोरी तेव्हा डोक्यात नव्हती, हवालदार.
नुसतं कळत जायचं."

हे लिहायला मला रकाना सापडला नाही.

कुलूप? कुलूप कोण बघतो.
खळ्यात पडलेली झावळ बघायची.
दोन दिवस राहिली तर माणूस आळशी.
आठ दिवस राहिली, आणि तिच्यावर दुसरी पडली,
तर...
पुढचं त्याने सांगितलं नाही. पाणी मागितलं.

खातूंच्या दाराला नुसती कडी असते.
तिथे गेला नाही.
"तात्या खोकतात ना रात्रभर."

आणि पडवीतला बल्ब, तो म्हणाला,
तो तर बोलावतोच.
घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून लावून जातात लोक.
भर दुपारी बाराला पण जळत असतो बिचारा.

मी पेन खाली ठेवलं.

आमचं घर राजापूरच्या पलीकडे, सड्याखाली.
मे महिन्यात निघताना मीच लावून आलो होतो,
नऊ वॅटचा, दोन वर्षांची गॅरंटी.
बायकोला म्हणालो होतो, आता घोर नाही.

सही घेतली. सावकाश, गोल अक्षरात केली त्याने,
उधारीच्या वहीत नावं लिहायचा तशी असेल.

मग बाहेर येऊन, रेंज मिळते त्या पायरीवर
उभा राहून तानू गुरवाला फोन लावला.
तानू, आमच्या पडवीतला तेवढा बल्ब...

"तो होय," तानू म्हणाला,
"तो नवरात्रातच बंद झाला.
आम्हाला वाटलं, तुम्हीच येऊन गेलात."